पेरावर मोडा

मी एका हुशार मुलीला सायन्स सोडायचा सल्ला दिला. तोंडी नाही, लेखी. खाली सही केली, सहीखाली तारीख टाकली आणि तारखेखाली सवयीनं एक रेघ मारली.

आता चुका सगळेच करतात. माझा तर त्यात हातखंडा आहे. एम.एस्सी.ला असताना पिपेट तोंडानं ओढताना मी कॉस्टिक सोड्याचा घोट घेतलेला आहे. लग्नात सासऱ्यांचे समजून भलत्याच गृहस्थांचे पाय धरलेले आहेत, आणि त्यांनी आशीर्वादही दिलेला आहे. पण अशा चुका विरून जातात. लेखी चूक विरत नाही. त्यातून ती दरेकर मॅडमच्या हाती पडली, तर मग संपलंच.

श्रीगोंद्याकडच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात दरेकर मॅडम बायॉलॉजी शिकवायच्या आणि मी केमिस्ट्री. माझ्याहून पंधरा वर्षांनी सीनिअर. सायन्स शाखेच्या प्रमुखही त्याच. अंगानं काटकुळ्या, उंचीला बेताच्या. पण आवाज असा, की खालच्या मजल्यावरची कॉमर्सची पोरंसुद्धा पेशीविभाजन शिकून बाहेर पडायची. पर्समध्ये कायम एक डिसेक्शन बॉक्स. त्यातल्या चिमट्यानं त्या डब्यातली तळलेली मिरची उचलायच्या आणि कात्रीनं फरसाणाची पुडी कापायच्या. नवीन आलेला शिक्षक हे बघून पांढरा पडला, की त्या म्हणायच्या, "घाबरू नका. हा बॉक्स बेडकाला माहीत नाही. हा जेवणाचा."

कॉलेज सुरू झालं, की अकरावीच्या पहिल्या तासाला मॅडम ऊस घेऊन यायच्या. घरचाच, भावाच्या रानातला, चांगला पुरुषभर उंचीचा. स्कूटीवर पायाशी आडवा ठेवता येत नाही म्हणून उभा धरायच्या, आणि त्या फाटकातून आत शिरायच्या तेव्हा भालदार आल्यासारखं वाटायचं. आमच्याकडं येणारी पोरं दहावीपर्यंत मराठीत शिकलेली. अकरावीत एकदम सगळं इंग्रजी. त्यातही असे शब्द, की वाचता वाचता मध्येच श्वास घ्यावा लागतो. मॅडम फळ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत 'गॅस्ट्रोएंटरायटिस' लिहायच्या आणि वर्गातल्या सगळ्यांत दांडग्या पोराच्या हातात ऊस द्यायच्या.

"गीळ."

"अख्खा?"

"अख्खा."

पोरगं इकडंतिकडं बघायचं. वर्ग फिदीफिदी हसायचा.

"का रे? ऊस कधी खाल्ला न्हाई का?"

"खाल्लाय की मॅडम. पण मोडून."

"कुठं मोडतोस?"

"पेरावर."

"मग शब्दाला काय भितोस? कुणीतरी जोडलाय म्हणून तो लांब झालाय. पेरावर मोड. गॅस्ट्रो म्हणजे पोट, एंटर म्हणजे आतडं, आयटिस म्हणजे सूज. झालं? आता चावून खा."

मग तो ऊस खरंच गुडघ्यावर मोडून वर्गभर वाटला जायचा. आणि उसाबरोबर आणखी एक वाटप व्हायचं. प्रत्येक पोराला एक मूळ मिळायचं. ग्रीक नाहीतर लॅटिन, दोन-तीन अक्षरांचं. कुणाला हायड्रो, म्हणजे पाणी. कुणाला फोटो, म्हणजे उजेड. कुणाला सायटो, म्हणजे पेशी. ते मूळ हजेरीपटावर त्याच्या नावापुढं पेन्सिलीनं लिहिलं जायचं आणि वर्षभर त्याच्या मालकीचं. धड्यात कुठंही ते आलं, की मालकानं उभं राहून अर्थ सांगायचा. सगळे मालक उभे राहिल्याशिवाय धडा पुढं सरकत नसे. त्यामुळं हजेरीचा प्रश्नच मिटला होता. सायटो आला नाही तर अख्खी पेशी अडायची, म्हणून दोस्तच त्याला सायकलवर घालून आणायचे. मैदानावर हाका ऐकू यायच्या, "ए डर्मा, बॉल टाक!" आणि डर्मा, म्हणजे कातडी, गुडघे खरवडून घेत बॉल अडवायचा.

एका वर्षी एक बाई पदर खोचून थेट स्टाफरूममध्ये आल्या.

"कोन त्या दरेकरबाई? माज्या धडधाकट पोराला गॅस्ट्रो कशापायी दिला?"

मॅडमनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाल्या, "आक्का, गॅस्ट्रो म्हंजी पोट. रोग न्हाई. पोट न्हाई तर मानसाला काय हाय?"

"मंग सरळ पोट म्हना की."

"मी म्हनते हो. पुस्तक म्हनत न्हाई ना."

आक्कांनी विचार केला. "त्या कुलपाच्या टपरीवाल्याच्या पोराला काय दिलंय?"

"फोटो. उजेड."

"तेला उजेड आन् आमाला पोट," असं म्हणत त्या उठल्या; पण पोराचं मूळ बदलून मागितलं नाही.

मलाही एक मूळ मिळालं होतं. मी डबा आणत नसे. आणत नसे म्हणजे काय, बायको देत असे, पण तो मी पहिल्या तासानंतरच संपवत असे. मधल्या सुट्टीत मग मी या डब्यातून त्या डब्याकडं फिरायचो. एकदा मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पॅरा म्हणजे शेजारी. साइट म्हणजे धान्य, अन्न. दुसऱ्याच्या पानाशेजारी बसून जेवतो तो पॅरासाइट. वाबळे सर, घ्या, भाकरी घ्या." मी घेतली. भाकरीच्या बाबतीत मी अपमान मनावर घेत नाही.

पण मनात एक खुटखुट होती, ती सांगून टाकतो. मला वाटायचं, बाईंचा हा सगळा पोरखेळ आहे. सायन्स म्हणजे समीकरणं, सूत्रं. शब्दांची हाडं मोजत बसणं म्हणजे सायन्स नव्हे. असं मी प्राचार्यांना बोलूनही दाखवलं होतं. त्यानंतर आठच दिवसांनी माझ्या तासाला एका पोरानं विचारलं, "सर, क्लोरोफिलमध्ये क्लोरीन असतं का?"

मी खडू फिरवत म्हणालो, "अर्थात! नावातच आहे की."

दुसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहिली. "क्लोरो, सर. हिरवट."

मागून एक जण उभा राहिला. "फिल. पान."

"हिरवं पान," दोघं एकदम म्हणाली. मग ती मुलगी फार नम्रपणे म्हणाली, "सर, मॅडम म्हणाल्या, क्लोरीन वायू हिरवट असतो म्हणून त्याला ते नाव पडलं. एकाचा दुसऱ्याशी संबंध न्हाई."

"मी तेच म्हणतोय," मी म्हणालो. हे वाक्य शिक्षकाला फार उपयोगी पडतं.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर जास्वंदीचं एक पान होतं. त्याला टाचणीनं चिठ्ठी लावलेली: 'यात मॅग्नेशियम असतं.' खाली सही नव्हती. टाचणी मात्र डिसेक्शन बॉक्समधली होती.

आता मनीषा.

ती दिवाळीनंतर आमच्या वर्गात आली. घर पाथर्डीकडं. आईवडील ऊसतोडीला दरवर्षी आमच्या भागात यायचे. पोरीला एकटीला गावी कसं ठेवायचं, म्हणून तिकडच्या कॉलेजातून नाव काढून इकडं घातलं. राहायची उसाच्या फडाजवळच्या तळावर, कोपीत. म्हणजे बांबू आणि उसाच्या वाळल्या पानांची, पाचटाची खोपटी. तिथून चार किलोमीटर चालत कॉलेजात. जूनमधला ऊस तिनं खाल्ला नव्हता, आणि मुळांचं वाटपही कधीच होऊन गेलं होतं.

बदली होऊन आलेल्या मुलांची शाखा पहिल्या चाचणीनंतर पक्की करायची, अशी आमच्याकडं पद्धत होती. मी वर्गशिक्षक. माझ्या चाचणीत मनीषाला पंचवीसपैकी तीन मिळाले. पेपर जवळजवळ कोरा. शेवटच्या पानावर मात्र तिनं मराठीत स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: 'सर, प्रश्न समजला नाही. समजला असता तर उत्तर आलं असतं.'

मी तो पेपर स्टाफरूममध्ये वाचून दाखवला. सगळे हसले. दरेकर मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पेपर मागून घेतला आणि ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं.

आणि मी तो कागद लिहिला: 'सदर विद्यार्थिनीस विज्ञान शाखा झेपणारी नाही. तिने कला शाखेत प्रवेश घेणे तिच्या हिताचे राहील.' आजही शपथेवर सांगतो, मला वाटलं मी तिच्या भल्याचंच करतोय.

दोन दिवसांनी तिचे वडील, किसनराव, स्टाफरूममध्ये आले. धोतरावर पाचटाची कुसं, हातात माझा कागद. तो त्यांनी कुणाकडून तरी वाचून घेतला होता.

"सर, आर्ट का काय ते आमाला कळत न्हाई. हितं जमत न्हाई म्हनता तर नेतो तिला. तिची आय चक्कर येऊन पडतीया रोज. कोयत्याला माणूस लागतंच."

मी गडबडलो. "अहो, मी आर्ट्सला घाला लिहिलंय. काढा नाही लिहिलं."

"येकच की," किसनराव म्हणाले.

तेव्हा मला कळलं, की माझ्या त्या देखण्या अक्षरांनी मी मनीषाच्या हातात कोयता दिला होता. मी काही बोलणार, तोच मॅडमनी तो कागद किसनरावांच्या हातातून काढून घेतला.

"ह्याच्यावर शाखाप्रमुखाची सही लागती. माझी. ती मी पंधरा दिवसांनी करीन. तवर पोरगी वर्गात बसंल."

"आन् न्हाई जमलं तर?"

"तर सही करीन, आन् मीच तिला फडावर आणून सोडीन. शब्द हाय माझा."

किसनरावांनी बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाले, "पंधराच."

कागदाची घडी घालून मॅडमनी ती डिसेक्शन बॉक्समध्ये ठेवली, चिमट्याखाली. किसनराव गेल्यावर माझ्याकडं वळल्या. "कागद तुम्ही लिहिलात ना? मग चला. कॉलेज सुटल्यावर स्कूटीवर मागं बसा."

त्या दिवशी चारच्या सुमाराला आम्ही तळावर पोचलो. म्हणजे मॅडम पोचल्या. मी शेवटच्या वळणावर ओल्या सरीत उतरलो होतो. त्या दिवशी कॉलेजात न आलेली मनीषा मोळ्या बांधत होती. आई कोपीच्या दारात पोत्यावर आडवी होती. मॅडमनी पर्समधून मार्कर काढला, पडलेल्या उसातलं एक टिपरू उचललं आणि त्याच्या एका पेरावर लिहिलं, 'लायसिस'.

"हे तुझं मूळ. जूनमध्ये तू नव्हतीस, म्हणून राखून ठेवलं होतं." हे साफ खोटं होतं. "लायसिस म्हणजे तोड. सुटं करणं. तुझ्या घरचंच काम आहे."

मनीषानं ते पेर हातात धरून पाहिलं.

"हायड्रो म्हणजे पाणी," मॅडम म्हणाल्या. "मग हायड्रोलायसिस?"

"पान्यानं तोड?"

"इलेक्ट्रो म्हणजे वीज."

"इजेनं तोड." पोरीच्या आवाजात आता धार आली होती. चाचणीत मी याच दोन शब्दांवर दहा मार्कांचा प्रश्न घातला होता.

"ग्लायको म्हणजे गोड. साखर."

मनीषानं हातातलं पेर मोळीवर ठेवलं. "साखरंची तोड. मंजी मॅडम... आमी हितं ऊस तोडायचा, मंग त्याची साखर, आन् ती खाल्ली की अंगात आनखी कुनीतरी तिची तोड करतं?"

"प्रत्येक पेशी करते. रोज. तुझी, माझी आणि ह्या सरांचीसुद्धा."

मग मॅडम माझ्याकडं वळल्या. "वाबळे सर, ग्लायकोलायसिस तुम्ही एम.एस्सी.ला शिकलात. तुम्हाला हे सुचलं होतं का कधी?"

मी हातावरचे पाचटाचे ओरखडे बघत म्हणालो, "नाही."

"मग कुणाला काय झेपत नाही, ते पुन्हा एकदा बघू."

त्यानंतर रोज कॉलेज सुटताना मॅडम मनीषाला पाच मुळं लिहून द्यायच्या. ती चालत जाताना पाठ करायची आणि उसाच्या पेरांवर लिहून ठेवायची. तळावर म्हणे अशी लिहिलेली पेरं सगळीकडं पडलेली असायची, आणि बैलानं एकदा 'मेटाबॉलिझम' अख्खा खाऊन टाकला.

चौदाव्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. कोपीसमोर पाच-सहा माणसं जमलेली. मनीषाच्या आईला सरकारी दवाखान्यात नेऊन आणलं होतं. किसनरावांच्या हातात दवाखान्याचा कागद आणि चेहरा उतरलेला.

"मॅडम, नाव लई वंगाळ हाय म्हंत्यात. टोळीतलं कुनी म्हनतंय, ह्यातनं माणूस वाचत न्हाई."

मॅडमनी कागदासाठी हात पुढं केला, आणि मग तो मागं घेतला. "मनीषा, तू वाच."

तिनं वाचलं. ओठ हलवत, अडखळत. "ॲ... निमिया." मग डोळे बारीक केले. तिला ते मोडता येईना असं वाटून मी मदतीला तोंड उघडलं. मॅडमनी माझ्या पायावर पाय दिला.

"ॲन मंजी न्हाई," मनीषा म्हणाली. "हे आपल्या यादीत हुतं. फुडं... हीमोग्लोबिनातलं हीम? रगत?"

"बरोबर."

"रगत न्हाई." ती दचकली. मग स्वतःशीच म्हणाली, "न्हाई कसं आसंल? कमी आसंल."

"कमीच. नाव ठेवणारे जरा वाढवून बोलतात."

मनीषा आईजवळ जाऊन बसली. "आये, हे काय मरनाचं दुखनं न्हाई. तुझ्यात रगत कमी हाय, म्हनून चक्कर येती. गोळ्या दिल्यात त्या रगताच्याच आसत्याल. खाल्ल्यास का?"

आईनं उशाखालून फडक्याची गाठ काढली. गोळ्यांची पाकिटं तशीच, न फोडलेली. या खेपेची आणि मागच्या खेपेचीही.

"म्या न्हाई खाल्ल्या," ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली. "म्हनलं, खाल्ल्या तर ते दुखनं आपल्याला झालंय असं हुईल."

मनीषानं एक गोळी फोडली, तांब्यातून पाणी ओतलं आणि आईच्या तोंडाशी धरलं. आईनं ती घेतली. किसनराव त्या दोघींकडं बघत होते. मग डोक्याचा पटका काढून तोंड पुसलं आणि म्हणाले, "मॅडम, ती सही करू नगा."

मनीषाची चाचणी मी पुन्हा घेतली. तिला एकोणीस पडले. खरे वीस होते. एक मार्क मी माझ्या अब्रूपोटी कापला.

त्यानंतर मी मॅडमना म्हणालो, "आता तो कागद फाडून टाका ना."

"ऑक्सिजनचा अर्थ माहीत आहे?" त्यांनी विचारलं. "आंबट करणारा. ज्यानं नाव ठेवलं त्याला वाटलं, हा वायू असल्याशिवाय ॲसिड होतच नाही. चुकलं त्याचं. पण नाव राहिलं, आणि मी दर वर्षी ते सांगते. का? तर पोरांना कळावं, की नाव ठेवणारा केवढाही मोठा असला तरी चुकतो. तुम्ही तर वाबळे आहात."

कागद चिमट्याखालीच राहिला.

मॅडमनी किती वर्गांना ऊस वाटला, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. मला एवढं माहीत आहे, की भिंगारच्या एका दवाखान्यात मी तपासून घ्यायला गेलो, तर डॉक्टरनं गळ्यातला स्टेथोस्कोप काढत विचारलं, "सर, ओळखलंत का? मी गॅस्ट्रो." आणि राहात्याला जनावरांच्या दवाखान्यात जो डॉक्टर आहे, तो आमचा डर्मा. रोगाचं नाव पेशंटला मोडून सांगितल्याशिवाय हे दोघंही चिठ्ठी लिहीत नाहीत. असं काही ऐकलं, की माझी छाती फुगते. माझा त्यात काही संबंध नसतानाही फुगते.

मॅडम गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. निरोपाला हॉल भरून माणसं. मनीषाही आली होती, आईवडिलांना घेऊन. ती आता एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. उसाच्या रसात साखर किती, हे ती सांगते तेव्हा कारखाना ऐकतो. किसनरावांनी शाल-नारळ आणला नव्हता. खांद्यावरून उसाची मोळी आणली होती आणि ती थेट स्टेजवर ठेवली. मनीषानं एका उसाच्या पेरावर मार्करनं लिहून आणलं होतं, 'लायसिस'. मॅडमनी ते पेर डोळ्यांजवळ नेऊन वाचलं आणि पहिल्यांदाच त्यांचा तो आवाज हॉलच्या मागच्या रांगेपर्यंत पोचला नाही.

मला बोलायला सांगितलं. मला बोलायला सांगू नये, हे सगळ्यांना माहीत आहे. तरी मी रंगात आलो आणि बोलता बोलता म्हणून गेलो, की मनीषाच्या यशात माझाही थोडासा वाटा आहे. मॅडमनी पर्स उघडली, डिसेक्शन बॉक्स काढला आणि चिमट्यानं ती पिवळी पडलेली घडी उचलून माझ्या हातात ठेवली.

"वाबळे सर, आता तुम्हीच सांभाळा. मला निवृत्तीत एवढं ओझं नको."

नंतर त्या फाटकातून बाहेर पडल्या तेव्हा मी कट्ट्यावर उभा होतो. त्याच स्कूटीवर, तोच उभा धरलेला ऊस, फक्त या वेळी कॉलेजातून बाहेर जाणारा. वळणावर त्यांनी मागं न बघता हात वर केला. मग ऊस तेवढा कुंपणावरून थोडा वेळ दिसत राहिला, आणि मग तोही दिसेना.

मी कागद हातात धरून तसाच उभा. शेजारी मनीषाची आई येऊन थांबली होती. चांगली ठणठणीत, गालांवर रंग. मी ओशाळून म्हणालो, "आई, भाषणात जरा जास्तच बोललो. वाटा-बिटा काही नाही माझा."

"आसं कसं सर? हाय की," ती म्हणाली. "तुमी ते वंगाळ कागुद लिवलं नसतं, तर मॅडम आमच्या कोपीवर कशाला आल्या असत्या? तेवढं येकच काम झालं बघा तुमच्या हातनं."